अकरा चोवीसची नोंद

सोमवारी सकाळी चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत अरविंद टिपणीसला ती ओळ दिसली, आणि मग तो घोट उतरलाच नाही, तोंडातल्या तोंडात गार झाला. हिरव्या अक्षरांची एकच ओळ. गेल्या बुधवारी सकाळी अकरा वाजून चोवीस मिनिटांनी शमसुन्निसा तुंगेकर ही बाई आपल्या नावानं आणि आपल्या पासवर्डनं कार्यालयाच्या मुख्य यंत्रात शिरली होती, आणि तिथून बासष्ट पानांची फाइल उचलून देशाबाहेर कुठंतरी धाडून मोकळी झाली होती. यंत्र असा हजेरीपट आपला आपण ठेवतं. कोण आलं, कधी आलं, काय नेलं. मस्टरवर सही ठोकून कँटीनला पळणाऱ्या बाबू लोकांची खोड त्याला नाही. आता पंचाईत अशी, की गेल्या बुधवारी खंडेनवमी होती. अकरा वाजून बारा ते अकरा चाळीस मुहूर्त होता, तो धारपसाहेबांनी स्वतः पंचांग बघून काढला होता. सगळं कार्यालय यंत्रखोलीच्या दारात दाटीवाटीनं उभं होतं, आणि शमसुन्निसा तुंगेकर टिपणीसच्या डाव्या हाताला पेढ्यांचं ताट धरून उभी होती. इतकी जवळ, की ताटाची कड त्याच्या मनगटाला लागत होती आणि त्यानं दोनदा हात मागं घेतला होता.

धक्का म्हणावा तर एवढाच. बाकी बेलापूरच्या त्या पाचव्या मजल्यावर काही म्हणजे काही घडलं नव्हतं. दसरा, गांधीजयंती, शनिवार, रविवार अशी चार दिवसांची सुट्टी खाऊन लोक जड पावलांनी येत होते, खिडकीबाहेर पारसिकच्या टेकडीकडून खडीचे डंपर उतरत होते, आप्पा शिपाई यंत्रांवरचे सुकलेले झेंडू पिशवीत भरत होता. मे महिन्यात वाळवंटात अणुस्फोट झाले आणि त्यानंतर परदेशातली पोरंसोरं आपल्या सरकारी यंत्रांत शिरतात, शिव्या लिहून जातात, अशा बातम्या येऊ लागल्या, तेव्हा दिल्लीला खडबडून जाग आली. देशाच्या संगणकजाळ्यांचं रक्षण कसं करायचं याचं एक राष्ट्रीय धोरण हवं असं ठरलं. समिती बसली. मसुद्याचं काम फिरत फिरत बेलापूरच्या या कार्यालयात सहसंचालक धारपांकडे आलं. धारपांनी ते टिपणीसकडे ढकललं, टिपणीसनं हातानं लिहिलं आणि तुंगेकर मॅडमनी टाइप केलं. बासष्ट पानं झाली होती. तीच बासष्ट पानं गेली. चोरानं तिजोरीला हात लावला नाही आणि कुलूप कसं लावायचं याचं पुस्तक तेवढं नेलं. हसावं की रडावं?

त्याला आधी देश आठवला असता तर बरं झालं असतं. पण खोटं कशाला बोला, आधी आठवलं ते कपाटातलं रजिस्टर. दोन वर्षांपूर्वी खंडेनवमीच्या हारातलं पाणी एका मॉनिटरमध्ये गेलं, धूर निघाला, आणि तेव्हापासून फतवा निघाला होता की पूजेच्या आधी सर्व यंत्रं बंद करायची आणि तशी सही रजिस्टरात करायची. आता मुख्य यंत्र बंद करणं म्हणजे काय हे फतवा काढणाऱ्याला काय ठाऊक? त्याची तबकडी म्हातारी झालेली. एकदा वीज गेल्यावर ते निजलं, ते तीन दिवस उठलंच नाही, पुण्याहून माणूस आणावा लागला. तेव्हा टिपणीसनं युक्ती काढली. फक्त पडदा बंद करायचा. काळ्या पडद्याला कुंकू लावायचं, हार घालायचा, आणि रजिस्टरात लिहायचं, 'सर्व यंत्रे बंद केली', खाली सही. आत पंखा फिरत राहतो, यंत्र जागंच असतं, पण देवाला आणि धारपांना कशाला सांगायला जा? कुणाचं नुकसान झालं नव्हतं, आणि आपल्याकडे सही काम केल्याची थोडीच असते, काम झालं असं धरून चालायला हरकत नाही एवढ्याचीच असते. यंत्र किती दिवस सलग चालू आहे हे विचारायला एक लहानसा शब्द टाइप करावा लागतो. त्यानं टाइप केला. एकशे त्रेचाळीस दिवस. त्यानं तो आकडा लगेच पुसला आणि खोलीत कुणी नाही ना, हे वळून पाहिलं.

आणि मग पासवर्ड. तोही त्याचाच उद्योग. सगळ्यांचे पासवर्ड त्यानंच ठेवलेले, आडनाव आणि टेबलावरच्या फोनचा नंबर. लोकांनी आपले आपण बदलले की विसरायचे, मग 'टिपणीस, टिपणीस' करत यायचे, आणि कुणी रजेवर असलं की फाइल मिळायची नाही. ऑगस्टमध्ये तुंगेकर मॅडम सतराव्या पानावर टाइप करता करता थांबल्या होत्या. त्या उरणच्या, चौतीस-पस्तिशीच्या, डोक्यावरून पदर आणि पायात स्पोर्ट्सचे बूट, कारण बसस्टॉपपर्यंत धावावं लागायचं. नवरा करीम द्रोणागिरीकडच्या गोदामात सुपरवायझर होता. गेली सहा वर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर इथं अस्थायी म्हणून काम करत होत्या. म्हणाल्या, "सर, तुमीच लिवलंय इथं, पासवर्ड दर महिन्याला बदलायचा. मग मी माझा बदलू का?" तो म्हणाला होता, "अहो मॅडम, ते देशासाठी आहे, आपल्यासाठी नाही." दोघंही हसले होते. चांगला विनोद झाला असं त्याला तेव्हा वाटलं होतं, घरी जाऊन त्यानं तो बायकोला, मीनालाही सांगितला होता.

ओळ दाबून टाकावी असं मनात आलं, नाही असं नाही. पण बासष्ट पानं बाहेर कुठं तरी होती, उद्या ती कुठं उगवली असती तर? दुपारी त्यानं धारपांना सांगितलं. फक्त ओळ सांगितली, तारीख, वेळ, नाव, आणि फाइल. बाकीचं विचारलं तर सांगू असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. धारपांनी विचारलं नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि दिल्लीला फोन लावला. गुरुवारी दिल्लीहून चौकशीला एक निवृत्त कर्नल आले. उंच, सभ्य, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी सोबत काहीच आणलं नव्हतं, एक पेन आणि कोरी वही सोडून. त्यांना संगणकातलं काही कळत नव्हतं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. माणसं कळतात म्हणाले.

टेबलावर खंडेनवमीचं रजिस्टर उघडं होतं. कर्नलांनी सहीवर बोट ठेवलं. "टिपणीसजी, मशीन तो बंद थी?" आणि टिपणीस म्हणाला, "जी." एक अक्षर. ते तोंडातून गेलं तेव्हा त्याला ते फार लहान वाटलं. मग कर्नल बोट न हलवता म्हणाले, "तो फिर चालू किसने की?" बघा आता. त्याच्या एका खोट्यानं दुसऱ्या माणसाच्या नावावर एक अख्खा गुन्हा जन्माला घातला होता. बंद यंत्र कुणीतरी पूजेआधी लपूनछपून चालू केलं, मग गर्दीतून सटकून आपल्या टेबलावरून आत शिरलं, मग चोरी केली. यंत्रखोलीच्या किल्ल्या दोनच होत्या, एक टिपणीसकडे आणि एक तुंगेकर मॅडमकडे. समोरच्या खुर्चीत त्या पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या. घाबरल्या होत्या, पण फार नाही, कारण त्यांच्याकडे उत्तर होतं. "साहेब, मी पूजेला होते. ताट माझ्याच हातात होतं. टिपणीस सरांच्या बाजूलाच होते मी, त्यांना विचारा ना." हे म्हणताना त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, इतकी खात्री. आपल्या घरची भिंत आहे की नाही हे कुणी वळून बघतं का?

कर्नलांनी पेन उचललं. टिपणीसच्या मनगटाला ताटाची कड लागली, आत्ता, इथं, तशीच गार. 'होत्या' म्हणायचं एवढंच. पण 'होत्या' म्हटलं की मग शिरलं कोण, बाहेरचा. बाहेरचा शिरला तर यंत्र चालूच होतं. चालूच होतं तर ही सही कुणाची. आणि त्यांचा पासवर्ड बाहेरच्याला इतक्या सहज कसा सापडला, तर तो फोनच्या डिरेक्टरीत छापलेला होता म्हणून. हे सगळं एका शब्दाला बांधलेलं होतं, एक ओढला की सगळं घरंगळत येणार. "भीड बहुत थी, सर," तो म्हणाला. "ठीक से याद नहीं." परक्या भाषेत खोटं बोलताना जिभेला कमी लागतं, हे त्याला त्या दिवशी कळलं. तुंगेकर मॅडमनी आता मान वळवली. राग नव्हता त्यात. ऐकू नीट आलं नसावं असा चेहरा. आप्पाला बोलावलं, तर तो सरळ म्हणाला, "व्हती की सायेब, ताट तिच्याच हातान व्हता." किती वाजले होते, कर्नलांनी विचारलं. "मुहूर्तावर," आप्पा म्हणाला. घड्याळ आहे का? नव्हतं. कर्नल हसले, धारप हसले, आणि आप्पाचा जबाब दोन ओळींत संपला. बाकीच्या पंधरा-वीस जणांनाही एकाएकी गर्दी आठवायला लागली. संध्याकाळपर्यंत तुंगेकर मॅडमना सांगण्यात आलं की उद्यापासून यायची गरज नाही, ऑर्डर तशीही डिसेंबरात संपतेच आहे.

त्या आठवड्यात टिपणीसला सारखं ते जुनं कुलूप आठवत राहिलं. सगळं सोडून हेच का आठवावं, देव जाणे. चौऱ्याऐंशी साली तो आणि मीना तीन वर्षांच्या स्वानंदला घेऊन, दादरची खोली सोडून नवीन वसाहतीत राहायला आले, तेव्हा सगळ्या इमारती एकसारख्या, रंग एक, जिने एक, गच्चीवरच्या टाक्यासुद्धा एक. एका संध्याकाळी तो कामावरून आला, तिसऱ्या मजल्यावर चढला, किल्लीनं दार उघडलं, बूट काढले आणि खुर्चीत बसून डोळे मिटले. कुणीतरी पाण्याचा पेला आणून दिला. तो पाणी प्यायला आणि मग त्यानं वर पाहिलं, तर समोर अनोळखी बाई. सी-नऊ ऐवजी सी-सातमध्ये शिरला होता आणि त्याच्या किल्लीनं तिचं दार उघडलं होतं, कारण सगळी कुलपं एकाच ठेक्यातली, एकाच साच्यातली. तो शरमेनं मेला. ती बाई मात्र शांतपणे म्हणाली, "चुकलात ना? परवा पण एक आले होते." पुढं हे साऱ्या वसाहतीला माहीत झालं, चहावर हसून सांगितलं गेलं, आणि तरी वर्षभर कुणी कुलूप बदललं नाही. कोण येणार आहे आपल्याकडे, सगळी आपलीच माणसं. त्या वर्षाइतकी निवांत झोप त्याला पुन्हा कधी लागली नव्हती. आता तो रात्री जेवून सानपाड्याच्या गॅलरीत उभा राहायचा, एपीएमसीच्या घाऊक बाजाराकडून सडक्या कांद्याचा वास यायचा, आणि कुणीतरी आपल्या घरात बूट काढून बसलंय, आपलं पाणी पितंय, असं त्याला उगीचच वाटायचं. तो आत येऊन दार तपासायचा.

दुसऱ्या सोमवारी तुंगेकर मॅडम यंत्रखोलीची किल्ली परत द्यायला आल्या. लिफ्टपाशी गाठ पडली, आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांनी किल्ली त्याच्या हातात दिली आणि निघाल्या नाहीत. चेहरा जाग्रणानं उतरलेला होता. "सर, एक विचारते, मला तरी खरं सांगा," त्या म्हणाल्या. "मी होते ना तिथं? घरात करीम विचारतो, सासू विचारते, गावात लोक विचारतात. सांगून सांगून आता मलाच वाटाया लागलंय, मी नव्हते की काय. मधेच कुठं गेले असेन, टेबलाशी गेले असेन, आणि विसरले असेन. असं होतं का कधी?"

"होतात तुम्ही," टिपणीस म्हणाला. "माझ्या बाजूलाच होतात."

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, "मग तिकडं का नाई बोललात?" हे त्यांनी भांडणासारखं विचारलं नाही, एखादी अडलेली फाइल कुठं आहे असं विचारावं तसं विचारलं. लिफ्ट आली, दार उघडलं, त्या आत गेल्या आणि दार मिटेपर्यंत उत्तराची वाट बघत त्याच्याकडे पाहत राहिल्या.

मीनाला त्यानं त्या रात्री सगळं सांगितलं, पडद्याचं, सहीचं, पासवर्डचं. मीना शाळेच्या ऑफिसात होती, तिला सह्या आणि रजिस्टरं नवीन नव्हती. भाजी चिरता चिरता ऐकत होती. "मग सांग ना जाऊन," ती म्हणाली. तो म्हणाला, सोपं नाही ते, नोकरीवर येईल, स्वानंदचं बारावीचं वर्ष आहे. मीनानं सुरी खाली ठेवली. "तुझं काही जाईल, अरविंद. तिचं गेलंय." त्यानंतर ती त्याच्याशी दोन दिवस धड बोलली नाही, आणि तो ज्याला धैर्य म्हणत होता ते खरं तर त्या दोन दिवसांच्या अबोल्यातून आलं.

शुक्रवारी तो धारपांच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्या उभ्याच बोलला. यंत्र बंद नव्हतं. एकशे त्रेचाळीस दिवस सलग चालू होतं. पासवर्ड मी ठेवला होता. मॅडम माझ्या शेजारी होत्या. लेखी देतो. खिशातून त्यानं घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. हलकं वाटत होतं, काहीतरी फुटेल, आरडाओरडा होईल आणि मग एकदाचं सुटेल. धारपांनी कागद वाचला. शेवटपर्यंत, सावकाश.

"बसा, टिपणीस," ते म्हणाले. "मला माहीत होतं हे. आरती चालली होती तेव्हा आत पंखा घरघरत होता. मी डोळे मिटले होते, कान थोडेच मिटले होते?"

"मग तुम्ही बोलला का नाहीत, सर?"

"तुम्ही तरी कुठं बोललात?" धारपांनी हे अगदी मायेनं विचारलं. मग समजावून सांगावं तसे म्हणाले, "हे बघा. बाहेरून कुणी शिरलं असं लिहिलं की दिल्ली विचारणार, कोण, कुठून, आणि पुन्हा कसा थांबवणार. आहे आपल्याकडे उत्तर? तुमच्याकडे आहे? आतलं माणूस म्हटलं की उत्तर असतं. माणूस काढलं, प्रश्न मिटला. धोरणातलं नवं चौथं प्रकरण त्यावरच उभं आहे, आणि चौथं प्रकरण आहे म्हणून मंत्रालय धोरण वाचायला तरी तयार झालंय. हा कागद मी योग्य मार्गानं वर पाठवू शकतो. तुमच्यावर चौकशी लागेल, माझ्यावर लागेल, आणि त्या बाईंना कुणी परत घेणार नाही, त्यांची ऑर्डर तशीही संपत आलेली आहे. पाठवू?" कागद त्यांनी त्याच्याकडे सरकवला. पंखा फिरत होता, कागदाची एक बाजू उचलली जात होती. टिपणीसनं तो उचलला. उचलायचा असं काही त्यानं ठरवलं नव्हतं, हातानं उचलला.

चौथं प्रकरण त्यानंच लिहिलं होतं. 'आतल्या माणसांपासूनचा धोका.' धारपांनी मुद्दे दिले होते, त्यानं वाक्यं केली होती, आणि टाइप करायला आता कुणी नसल्यामुळे दोन बोटांनी अक्षर शोधत शोधत टाइपही त्यानंच केलं. 'एका कार्यालयात एका अस्थायी कर्मचाऱ्याने बंद केलेले यंत्र अनधिकृतपणे चालू करून...' त्या वाक्यापाशी तो अर्धा दिवस अडकला होता. 'अनधिकृतपणे' मधला 'धि' सापडत नव्हता. मॅडमना विचारावं म्हणून त्यानं सवयीनं मान वळवली, तर खुर्चीवर आप्पानं जुन्या फाइली रचून ठेवलेल्या.

नोव्हेंबराच्या अखेरीस धारप दिल्लीला गेले. मंत्रालयापुढं धोरण वाचून दाखवायचं होतं. ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी टिपणीसला यंत्राच्या हजेरीपटात ओळ दिसली. मंगळवार, दुपारी चार दहा. नाव, धारप. तोच माग, तोच परदेशी पत्ता, आणि आता सुधारलेली चौऱ्याहत्तर पानं. म्हणजे जो आला होता तो कुठं गेलाच नव्हता. एक खोली बंद केली तर शेजारच्या खोलीत जाऊन बसला होता. टिपणीसला क्षणभर आनंद झाला, लाज वाटावी असा आनंद. आता कळेल. आता तरी उघड आहे. धारप परतले त्या दिवशी तो ओळ कागदावर उतरवून घेऊन गेला.

धारपांनी वाचलं आणि हसले. "अहो, मंगळवारी चारला मी तर दिल्लीत होतो."

"कुणी पाहिलं तुम्हाला तिथं, सर?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. मग कळला, तेव्हा त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "टिपणीस, काहीतरीच काय विचारता," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, थोडं आश्चर्य होतं. "मी होतो म्हणजे होतो. उघड आहे की बाहेरचा कुणी आहे हा."

"मग तुंगेकर मॅडम?"

"ते प्रकरण मिटलंय. उघडायचं तर दोन्ही उघडावी लागतील, आणि धोरण काल मंजूर झालं." त्यांनी पेढ्यांचा खोका पुढं केला, दिल्लीहून आणलेला. "ती ओळ काढून टाका. धोरण मंजूर झाल्यावर कुणी आत शिरलेलं नसतं."

टिपणीसनं पेढा घेतला. न घेणं बरं दिसलं नसतं. यंत्रखोलीत येऊन तो बसला, हजेरीपट उघडला, त्या ओळीवर आला आणि एकच कळ दोनदा दाबली. खात्री आहे का, असंही यंत्रानं विचारलं नाही. ओळ गेली आणि खालची ओळ वर सरकून तिच्या जागी बसली. तिच्यावर नाव होतं टिपणीस. बुधवार, सकाळी नऊ सतरा, आणि पुढं तोच परदेशी पत्ता. बुधवारी नऊ सतराला आपण कुठं होतो हे आठवायला तो खुर्चीत मागं रेलला, आणि बराच वेळ त्याला काही आठवेना.